एका पाण्याचा गहू

पेरणीचा दिवस, सोमवार

पाठ धरली आहे, पण आज लिहिलं नाही तर मग कधीच लिहिणार नाही. चाचणीच्या वहीत वाफ्यांचं लिहायचं असतं, माझं नाही. म्हणून ही दुसरी वही.

बारा वाणांचा गहू पेरला. तीन पट्टे. पहिल्या पट्ट्यानं पेरणीच्या ओलीवरच जगायचं. दुसऱ्याला पूर्ण हंगामात एकच पाणी मिळणार आणि तिसऱ्याला दोन. प्रत्येक पट्ट्यात प्रत्येक वाणाचे तीन वाफे, तीन वेगवेगळ्या जागी, म्हणजे जमिनीचा दोष एकाच वाणाच्या माथी बसू नये. खरी परीक्षा मधल्या पट्ट्याची. एका पाण्यात जे पहिले तीन येतील ते पुढच्या वर्षी शेतकऱ्यांच्या शेतावर जातील. बाकीच्यांना नारळ.

पिशव्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे, एक ते बारा. कोणता आकडा कोणाचा ती यादी पाकिटात बंद, आणि पाकीट ग्रंथपालबाईंच्या कपाटात. त्या बाई पुस्तकसुद्धा सुखासुखी हातातून सोडत नाहीत, पाकीट काय सोडणार!

हे सोवळं बरंचसं माझ्यामुळेच पाळावं लागलं. बारांतला एक वाण माझ्या सासऱ्यांचा आहे. अण्णा याच संशोधन केंद्रावर गव्हाचे पैदासकार होते, नवे वाण तयार करायचे. निवृत्तीनंतर माणसं गुलाब लावतात, यांनी परसात गव्हाच्या आठ ओळी लावल्या आणि चौदा वर्षं त्यांतून निवड करत राहिले. आता एकोणऐंशीचे आहेत. दारापासून फाटकापर्यंत गेले की दम लागतो. साठवलेलं सगळं बी त्यांनी या चाचणीला दिलं.

साहेब म्हणाले, "घरचं माणूस चाचणीवर नको खरं तर. पण आकडे झाकलेले आहेत, आणि तुमच्याइतका हात बसलेलं दुसरं कोणी नाही माझ्याकडे. माझा विश्वास आहे तुमच्यावर." त्यांचा स्वतःचाही एक वाण आहे यात. म्हणून ते वाफ्यांत उतरत नाहीत, रस्त्यावरूनच बघतात.

दिवस २१, सोमवार

उगवण छान आहे. आज दोन पाण्यांच्या पट्ट्याला पहिलं पाणी दिलं. दिलं म्हणजे घड्याळमामांनी दिलं. पाणी सोडणारे मामा हे आमच्याकडचं सगळ्यात जुनं माणूस. एका हातात पाइप, दुसऱ्या मनगटावर घड्याळ, आणि नजर मीटरवर. एका वाफ्याला तीनशेसाठ लिटर. तीनशेएकसष्ट झाले तर मामांना त्या दिवशी जेवण गोड लागत नाही.

घरी आल्यावर अण्णांचा रोजचा एकच प्रश्न. "ओल किती खाली गेली?"

"वीतभर," मी म्हटलं. मग भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, तुमचा उंच आहे की बुटका?"

"तुझ्या साहेबांना फोन करून सांगू का, तू काय विचारतेस ते?"

म्हातारा फार पक्का.

दिवस ३३, शनिवार

लिहू की नको असं झालं होतं. लिहितेच. मला कळलं आहे अण्णांचा कोणता ते.

सातवा. काय रूप आहे! रुंद पान, काळाभोर रंग, ताठ. बाकीचे त्याच्या शेजारी शाळेतल्या पोरांसारखे दिसतात. बैठकीत अण्णांचा पस्तिशीतला फोटो आहे, केंद्राच्या पायरीवर उभे, हात मागे बांधून. तोच तोरा. चौदा वर्षं जीव ओतला की असाच वाण निघणार.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "अण्णांनी आणि देखणं निवडलं? लग्नाला कापड घ्यायला गेले तेव्हा त्यांनी गोणपाटाच्या रंगाचं निवडलं होतं. का, तर धुतल्यावर विटत नाही."

याला गव्हातलं काय कळतं.

दिवस ४२, सोमवार

मधल्या पट्ट्याला त्याचं एकमेव पाणी दिलं. फुटवे संपून गहू कांडी धरतो, ती ही वेळ. आता काढणीपर्यंत थेंब नाही.

सातवा पाणी पिऊन दोन दिवसांत असा काही तरारेल की बघत राहावं. अकरावा मात्र माझ्या डोक्यात जातो. काटकुळा, राखाडी, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी झाक. ऊन चढलं की पानांच्या सुरळ्या करून बसतो. मी त्याला रुसका म्हणते. तिन्ही जागी तीच तऱ्हा, म्हणजे जमिनीचा दोषही नाही. कोणी बरं एवढ्या हौसेनं पाठवला असेल हा?

दिवस ५७, मंगळवार

रुसक्याला ओंब्या आल्यासुद्धा. बाकीचे अजून पोटऱ्यांत आहेत आणि याची घाई. ओंबी आखूडच आहे.

जेवताना मी आपलं सहज म्हटलं, "काही वाण दुपारी पानं मिटून घेतात, अण्णा. बघवत नाही अगदी."

अण्णांनी मान वर केली. "आणि सकाळी?"

"सकाळी उघडतात की. सकाळी अगदी शहाण्यासारखे असतात."

"हं," म्हणाले. एरवी मोजून अर्धं ताट जेवणारा माणूस, पण आज पुन्हा भात मागून घेतला. नंतर किती तरी वेळ काही तरी गुणगुणत होते. आमटी जमली होती आज.

दिवस ७१, मंगळवार

अण्णांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर त्यांच्यासमोर हवापाण्याचं बोलले आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, "हृदय फार थकलंय. वर्ष निघेल, दीड निघेल. आनंदात ठेवा." कसं ठेवायचं ते काही चिठ्ठीवर लिहून देत नाहीत.

येताना रिक्षात अण्णांनी विचारलं, "पहिले तीन कधी कळतील?"

"अजून दीड महिना."

"मग काही हरकत नाही," म्हणाले आणि बाहेर बघत बसले. मला रडू आवरेना. धूळ गेली डोळ्यांत असं सांगितलं.

दिवस ७५, शनिवार

आज मी पाणी दिलं.

चार शब्द लिहायला अर्धा तास लागला. आता पुढचं लिहून मोकळी होते. आठ दिवस ऊन नुसतं भाजून काढतं आहे. मधल्या पट्ट्यात सातव्याची शेंड्याकडची पानं करपायला लागली. मोठं पान, त्याला पाणीही मोठं लागणार. नेमका दाणा भरायचा काळ. दोन जागी तो कसाबसा तग धरून आहे, पण तिसऱ्या जागी फारच उतरला होता. मला तिथं गहू दिसेना, रिक्षातले अण्णा दिसत होते.

मामा डबा खायला गेले होते. शेतात कोणी नव्हतं. पाइप ओढला आणि त्या एका वाफ्यात पाणी सोडलं. दहा-बारा मिनिटं असेल. जमीन भेगाळली आहे, त्यामुळे पाणी एका भेगेतून बांधाखालून शेजारच्या वाफ्यात शिरलं. शेजारी कोण, तर रुसका. फुकट्या मेला! मी टाचेनं माती दाबून भेग बुजवली, पण तोवर त्यानं बरंच लाटलं होतं.

बावीस वर्षं नोकरी झाली. नव्या मुलींना पहिल्या दिवशी मी काय शिकवते, तर चाचणीत दया दाखवायची नाही.

दिवस ७७, सोमवार

मामा वही घेऊन आले. "बाई, मीटरात दोनशेऐंशी लिटर जास्त दिसतंय. शनिवारी मी जेवायला गेलो तेव्हाचा आकडा आहे माझ्याकडं, आल्यावर नव्हता घेतला. काय लिहू?"

"गळती असेल, मामा. गळती लिहा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या चपलांकडे बघितलं. चपला परवाच्याच, कडेला वाळलेला चिखल. मग खाली बसून त्यांनी सावकाश लिहिलं, गळती. माणूस सरळ आहे, पटलं असेल त्यांना.

दिवस ८८, शुक्रवार

काल दुपारपासून सोसाट्याचा वारा सुटला होता. आज जाऊन बघते तर सबंध पट्टा उभा आणि पाणी दिलेला तो एकच वाफा लोळलेला, भुईसपाट. पाणी पिऊन वाढला, जड झाला आणि वाऱ्यानं त्याला आडवा केला. रुसका ताठ उभा.

साहेब रस्त्यावर उभे राहून बराच वेळ बघत होते. "तीन जागांपैकी हा एकच का लोळला?" मी म्हटलं, "वारा एखादे वेळी तसा लागतो." त्यांनी पाण्याची वही मागवून घेतली.

दिवस ९१, सोमवार

मामांना मेमो मिळाला. 'गळती वेळेवर न कळवल्यामुळे चाचणीचं नुकसान.' चौतीस वर्षांत पहिला. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे आहेत.

मी त्यांना शोधत गेले तर ते पाइप गुंडाळत होते. मला वाटलं, चिडतील, सगळं बोलून दाखवतील. त्यांनी नुसतं पुन्हा माझ्या चपलांकडे बघितलं. म्हणजे यांना माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"मामा, तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" ते म्हणाले. "मला काय दिसलं? चपला दिसल्या. चपलांवरून कुणाचं नाव घेता येतं होय?" मग म्हणाले, "पण बाई, माझ्या वहीत मी कधी खोटं लिहिलं नव्हतं. तेवढं एक लागलंय मनाला."

घरी येऊन काही सुचेना. सांगितलं तर सातवा बाद होणार. म्हणजे अण्णांची चौदा वर्षं मीच मातीत घालणार, आणि तेही आता, डॉक्टर असं सांगत असताना. नाही सांगितलं तर मामांच्या वहीत ते कायमचं राहणार. अण्णांनी हाक मारून विचारलं, "ओल किती?" मी म्हटलं, "ओल संपली, अण्णा."

दिवस ९२, मंगळवार

सांगितलं. साहेबांच्या खोलीत उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर पळून आले असते.

साहेब बराच वेळ पेनचं टोपण उघडमिट करत होते. "का पण?" त्यांनी विचारलं.

"मला वाटतं, तो आमच्या अण्णांचा आहे."

"वाटतं," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मामांचा मेमो त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सगळं लिहून दिलं. भेगेतून पाणी शेजारी गेलं, तेही लिहिलं. ते लपवून आता काय मिळणार होतं?

"म्हणजे सातवा गेला आणि अकरावाही गेला," साहेब म्हणाले. "तीन जागांतली एक जरी बाद झाली तरी वाण निवडीत धरत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. सातव्याचं एक वेळ सोडा. त्या अकराव्याचा काय दोष?"

कोणाचा असेल तो? त्याच्याही घरी कोणी तरी दिवस मोजत बसलं असेल. त्या अनोळखी माणसाचं मी काय करून ठेवलं! रुसका म्हणून इतके दिवस हिणवत होते, त्याचीही आज लाज वाटली.

काढणीपर्यंत मला कामावर ठेवलं आहे, पण पाण्याच्या वहीला हात लावायचा नाही. मामांनी शनिवारच्या नोंदीवर रेघ मारून शेजारी खरं लिहिलं. माझं नाव लिहिताना मला विचारलं, "पूर्ण लिहू की नुसतं आडनाव?"

दिवस १०९, शुक्रवार

काढणी झाली. घरी अजून काही सांगितलेलं नाही. अण्णा दोनदा म्हणाले, "तू हल्ली जेवत नाहीस." नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तू सांग त्यांना. मी सांगितलं तर मीच पाणी सोडल्यासारखं होईल."

दिवस १२०, मंगळवार

मळणी, वजनं सगळं संपलं. आज दुपारी साहेबांच्या खोलीत ग्रंथपालबाईंनी पाकीट फोडलं.

त्याआधी वजनं वाचली. मधल्या पट्ट्यात पहिला पाच, दुसरा नऊ, तिसरा दोन. मग बाद वाफे सोडून उरलेल्या जागांचे आकडे वाचायची वेळ आली. सातवा दोन्ही जागी आठव्या-नवव्या क्रमांकावर. अकरावा दोन्ही जागी सगळ्यांच्या वर. नुसता वर नाही, पहिल्या आलेल्या पाच नंबरापेक्षा वाफ्यामागे दीडशे ग्रॅम जास्त. त्याची ओंबी आखूड होती खरी, पण एकही दाणा पोचट नव्हता. हजार दाण्यांचं वजन पुन्हा करून बघितलं, तेच आलं.

बाईंनी यादी वाचायला घेतली. 'सात' असं म्हणून त्यांनी साहेबांचं नाव घेतलं.

साहेब माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. "म्हणजे माझ्या वाणाला चोरून पाणी पाजलंत? वीस वर्षांत कोणी केलं नव्हतं माझ्यासाठी."

मलाही हसू येणार होतं. तेवढ्यात बाई अकरापाशी आल्या आणि त्यांनी अण्णांचं नाव वाचलं.

त्यापुढचं मला नीट आठवत नाही. साहेबांनी मला खुर्चीवर बसवलं. कोणी तरी पाणी आणलं, ते मला पिववेना. मी नुसती गप्प बसले असते, शनिवारी त्या पाइपला हात लावला नसता, तर आज घरी जाऊन अण्णांना सांगितलं असतं की तुमचा पहिला आला. बारांत पहिला. मी ज्याच्यासाठी केलं त्याचाच घात केला आणि वर त्याला फुकट्या म्हटलं.

तोच दिवस, संध्याकाळ

अण्णा खिडकीशी बसले होते. मी समोर स्टूल ओढून बसले आणि अगदी पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोटो, करपलेली पानं, भेग, चपला, मेमो. सांगून झाल्यावर मी मान खाली घातली.

"सातवा दिसायला कसा होता?" त्यांनी विचारलं.

"उंच. रुंद पानाचा. काळाभोर. वाऱ्यावर डुलायला लागला की बघत राहावं असा."

"आणि तो तुला माझा वाटला."

"हो."

"अगं, असला गहू मी पहिल्याच वर्षी उपटून फेकला असता! पितो किती आणि देतो किती." मग त्यांचा आवाज जरा उतरला. "पण तुला तो माझा वाटला. बरं वाटलं ऐकून. आणि अकराव्याला काय म्हणायचीस?"

"रुसका," मी म्हटलं.

अण्णा हसत सुटले. हसता हसता खोकला लागला, मी पाठीवरून हात फिरवत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "ज्या दोन जागी तू शिवली नाहीस, तिथले आकडे सांग."

मी सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. तिसऱ्यांदा त्यांनीच म्हणून दाखवले आणि डोळे मिटले. "म्हणजे खरा आहे तो," म्हणाले. "मला वाटायचं, परसात मी त्याला लाडानं वाढवलं म्हणून चांगला दिसत असेल."

मग मात्र मला राहवलं नाही. मी ढसाढसा रडले. "पण वर्ष गेलं, अण्णा. आता पुन्हा अर्ज, पुन्हा पेरणी. आणि डॉक्टर म्हणालेत..."

"डॉक्टर माझ्याबद्दल म्हणालेत. गव्हाबद्दल नाही," अण्णा म्हणाले. म्हणजे त्यांना माहीत आहे. "उद्या नवा अर्ज आण. बी त्या दोन जागांचं मिळेल. आणि पैदासकार म्हणून तुझं नाव घाल."

"माझं? मी तर वाटोळं केलं त्याचं!"

"म्हणूनच तर. ज्याचा वाण असतो त्याला वाफ्यांत पाय ठेवू देत नाहीत. तुझं नाव घातलं की तुला पाण्याजवळ कोणी फिरकू देणार नाही. माझ्यामागे त्या गव्हाला कोणी तरी तुझ्यापासून वाचवायला हवं ना?"

मी हसले की रडले ते मलाच कळलं नाही.

बुधवार

अर्ज आणला. साहेबांनी न विचारता दिला, वर म्हणाले, "मुदतीआधी द्या." अण्णा उशीला टेकून बसले आणि मी त्यांच्या देखत एकेक रकाना भरला. वाणाचे ठळक गुण या रकान्यात त्यांनी सांगितलं, "लिही, दिसायला सुमार." मी लिहिलं नाही. त्यावरून आमचं जरा वाजलं. पैदासकाराच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं, ते कागदाकडे बघत होते. लिहिलं शेवटी. अक्षर फार वाईट आलं.

"खाडाखोड करू का? नीट लिहिते."

अण्णांनी अर्ज हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, माझं नाव सावकाश मोठ्यानं वाचलं. "राहू दे," म्हणाले. "वाचता येतंय."